कारण देणे अनिवार्य आहे

गेल्या महिन्यातला शनिवार. दहापर्यंत लोळायचं असा माझा पक्का बेत होता. साडेआठलाच आत्याचा फोन.

"उठलास का रे?"

"हो, कधीचाच." (साफ खोटं.)

"मग मला जरा हॉस्पिटलला सोडशील? ते गोळ्यांच्या अभ्यासाचं बंद करायचंय. फोनवर नको, समोर जाऊन सांगते."

आधी थोडी पार्श्वभूमी. आत्या ६७ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून रिटायर झालेली. डायबेटिस जुना, आणि आता त्याच्यामुळे रात्री पायांची आग आग होते. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडे एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, तुम्ही भाग घेऊ शकता. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि ते डॉक्टरांनाही माहीत नसणार, पेशंटलाही नाही. नेहमीची औषधं चालूच. तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचे पैसे मिळणार.

आत्याने सही केली. तेव्हा मी तिला विचारलं होतं, "सगळं वाचलंस ना?"

"वाचलं की. सतरा पानं होती. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. आणि हे काय रे, यादृच्छिकीकरण? वर्गात फळ्यावर लिहिलं असतं तर पोरं पळून गेली असती."

(यादृच्छिकीकरण म्हणजे रँडमायझेशन. म्हणजे नाणेफेक. 'नाणेफेक' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, मला कळत नाही.)

"मग सही का केलीस?"

"अरे, डॉक्टर इतकी वर्षं बघतायत मला. ते काय वाईट सांगणारेत?"

म्हणजे बघा. प्रत्येक ओळ वाचणारी, शुद्धलेखन तपासणारी बाई. पण सही तिने त्या सतरा पानांवर नाही केली, डॉक्टरांच्या चेहऱ्यावर केली. मी तेव्हा हसलो होतो. आपण तरी काय करतो? कुठलंही ॲप टाकताना 'मला मान्य आहे' वर क्लिक करून मोकळे होतो. आत्याने निदान वाचलं तरी होतं.

*

तर आम्ही हॉस्पिटलला पोचलो. दुसऱ्या मजल्यावर, पॅथॉलॉजीच्या शेजारी एक छोटीशी खोली. तिथे रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करणारी एक मुलगी होती, चोवीस-पंचवीस वर्षांची. अतिशय गोड बोलणारी. आत्याला बघून उठून उभी राहिली.

"या काकू. आज तारीख नव्हती ना तुमची?"

"नव्हती. मला यातून बाहेर पडायचंय, ते सांगायला आले."

मुलीने जराही आढेवेढे घेतले नाहीत. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून तिच्याबद्दल गैरसमज व्हायला नको. ती म्हणाली, "चालेल काकू. उरलेल्या गोळ्या परत द्या, मोजून घ्यायच्या असतात. आणि तुमची तयारी असेल तर एकदा बीपी आणि रक्त तपासून घेऊ, तुमच्याच काळजीसाठी." आत्या तयार होती. "आणि आधी घेतलेली माहिती?" आत्याने विचारलं. ती अभ्यासात राहते, असं मुलीने सांगितलं. फॉर्मवरही तसं लिहिलेलं होतं. मग ती कॉम्प्युटरकडे वळली.

"कारण काय लिहू काकू?"

"कसलं कारण?"

"सोडायचं."

"काही नाही. मला नको वाटतं आता."

मुलीने माऊस हलवला. मी मागे उभा होतो, स्क्रीन दिसत होता. (दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायची सवय वाईट, पण आमच्या धंद्यात ती जात नाही.) एक ड्रॉपडाऊन होता. दुष्परिणाम. गुण नाही. स्थलांतर. वेळ नाही. इतर. आणि शेजारी एक छोटी लाल चांदणी. ती चांदणी म्हणजे, हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"काकू, मी 'वेळ नाही' टाकू का?"

"पण मला वेळ आहे की. रिटायर्ड आहे मी."

"नाही, म्हणजे नुसतं लिहायला..."

"नुसतं कसं लिहायचं? खोटं आहे ते."

मुलगी कसनुसं हसली. "काकू, माझं काही नाही हो. पण सिस्टीम सेव्हच होत नाही."

आता आत्याने पिशवीतून संमतीपत्राची तिची प्रत काढली. घडी व्यवस्थित, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. शेवटून दुसरं पान उघडलं आणि बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं की या अभ्यासातला माझा सहभाग ऐच्छिक आहे, आणि मी कधीही, कोणतेही कारण न देता, बाहेर पडू शकते. त्याने माझ्या उपचारांवर किंवा कायदेशीर हक्कांवर काही परिणाम होणार नाही. 'कोणतेही कारण न देता' याच्याखाली पेन्सिलीने रेघ होती.

"हे तुम्हीच दिलंत ना मला? याच्यापुढे माझी सही आहे."

मुलीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. शेवटी तिने 'इतर' निवडलं. त्याबरोबर आणखी एक चौकोन उघडला, त्यालाही लाल चांदणी. तिने त्या चौकोनात एक टिंब टाइप केलं. फक्त एक टिंब. सेव्ह झालं.

आत्या खूश. मुलगी खूश. मी मात्र मागे उभा राहून घामाघूम. कारण अगदी अशीच एक लाल चांदणी मागच्या वर्षी मी स्वतः लावली होती.

*

मी काय काम करतो हे इथे फारसं कधी लिहिलेलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नसतं. आमची टीम क्लिनिकल ट्रायलची माहिती गोळा करणारं सॉफ्टवेअर बनवते. आत्याच्या हॉस्पिटलमधलं ते आमचं नव्हतं, दुसऱ्या कोणाचं तरी होतं. पण या सगळ्या सिस्टीम चुलत बहिणी असतात. पेशंटची माहिती भरायची, चुकीची वाटली तर प्रश्न उठवायचा, आणि काहीही पुसायचं नाही. आधी काय होतं, आता काय आहे, कोणी बदललं, कधी बदललं, का बदललं, सगळं कायमचं राहतं. म्हणजे ते टिंब आता कित्येक वर्षं राहणार. माझ्या आत्याचं टिंब.

मागच्या वर्षी एक तिकीट आलं होतं. क्लायंटच्या डेटा मॅनेजरची तक्रार होती की अभ्यास सोडून गेलेल्या लोकांच्या बाबतीत कारणाचा रकाना बऱ्याचदा रिकामा येतो, तो अनिवार्य करा. मी केला. दहा मिनिटांचं काम. मग टेस्ट, मग व्हॅलिडेशनचे कागद, मग सह्या. मी, टेस्टर, टीम लीड, क्वालिटीवाले, क्लायंटकडचे दोघे. सहा जणांच्या सह्या. आणि सहापैकी एकानेही असं विचारलं नाही की अरे, पण पेशंटला कारण द्यायचं नसेल तर?

आत्याने निदान सतरा पानं वाचून सही केली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या डेटा मॅनेजरची मागणी मूर्खपणाची नव्हती. समजा एखाद्या औषधाने चक्कर येते. वैतागून दहा जण निघून जातात. त्यांची कारणं कोणी लिहिलीच नाहीत, तर हिशेबात फक्त टिकून राहिलेले लोक उरतात, म्हणजे ज्यांना चक्कर आली नाही ते. कागदावर औषध एकदम सुरक्षित! उद्या ते बाजारात येणार आणि कुणाची तरी आजी बाथरूममध्ये पडणार. म्हणून का सोडलं हे कळणं खरंच महत्त्वाचं असतं. ट्रायल कशा चालवाव्यात याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतही हे अगदी नेमकं मांडलेलं आहे. माणसाला कारण सांगायचं बंधन नाही. पण डॉक्टरने त्याच्या हक्काचा मान ठेवून, कारण जाणून घ्यायचा वाजवी प्रयत्न करावा.

विचारायचं, पण अडवायचं नाही. माणसाला हा फरक सहज कळतो. चांगला डॉक्टर विचारतो, समोरचा गप्प बसला तर समजून घेतो. कोडमध्ये मात्र एकच गोष्ट असते: अनिवार्य, हो की नाही. मी 'हो' केलं आणि एक हक्क दहा मिनिटांत रद्द झाला. कागदावर तो तसाच, पेन्सिलीच्या रेघेसकट.

आणि मिळालं काय? एक टिंब. किंवा 'वेळ नाही' असं खोटं. म्हणजे हक्कही गेला आणि माहितीही गेली.

*

त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. हा 'बाहेर पडायचा हक्क' आला कुठून?

पहिला मोठा टप्पा १९४७ चा. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांमध्ये जे प्रयोग केले, त्यांच्यावरच्या खटल्याच्या निकालात दहा मुद्दे आले. त्यांना न्यूरेंबर्ग संहिता म्हणतात. पहिलाच मुद्दा म्हणजे माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती, तिच्याशिवाय काही नाही. नववा मुद्दा बाहेर पडण्याचा. पण गंमत बघा, त्यात अट आहे. शरीराने किंवा मनाने आता पुढे जाणं अशक्य वाटतं अशा अवस्थेला माणूस पोचला, तर त्याला प्रयोग थांबवता आला पाहिजे. म्हणजे तिथेही कारण आहेच! 'नको वाटतं' एवढं तेव्हा पुरेसं नव्हतं. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून पुढे ही अट सैल होत गेली, आणि आज आत्याच्या हातातल्या कागदावर ती पूर्ण गेलेली आहे.

पण न्यूरेंबर्ग वाचताना आपण सुरक्षित अंतरावर असतो. ते राक्षस होते, आपण थोडेच तसे आहोत. मला जास्त अस्वस्थ केलं ते टस्कीगीने.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मेकन काउंटी नावाचा गरीब, शेतीवर जगणारा भाग. १९३२ साली तिथे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. ६०० कृष्णवर्णीय पुरुष. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस झालेला होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न करता हा रोग कसा वाढत जातो, ते बघायचं. त्या लोकांना हे सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं की तुमचं 'रक्त खराब' आहे आणि आम्ही त्यावर इलाज करतोय. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, जाण्यायेण्याची सोय, आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. मात्र त्यासाठी शवविच्छेदनाला परवानगी द्यायची. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची त्रासाची तपासणी होती, तिचं पत्र 'खास मोफत उपचारांची शेवटची संधी' अशा शब्दांत गेलं होतं.

१९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा सर्वमान्य उपचार झाला. एका साध्या औषधाने हे लोक बरे होऊ शकत होते. अभ्यास थांबला नाही. उलट या लोकांना दुसरीकडे कुठे उपचार मिळू नयेत याची काळजी घेतली गेली. स्थानिक डॉक्टरांकडे नावांच्या याद्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीवाल्यांनाही यादी दिली होती, कारण भरती झाली असती तर लष्कराने उपचार केले असते.

बाहेर पडायचा हक्क म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. आपण आत आहोत हेच माहीत नसेल, तर बाहेर कसं पडणार? दार नव्हतंच. आणि चुकून कुठे फट दिसली, तर यादी घेऊन कोणीतरी ती बुजवत होतं.

१९५८ साली, २५ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल, सहभागी माणसांना सरकारी सर्टिफिकेट आणि २५ डॉलर देण्यात आले. वर्षाला एक डॉलर. हे वाचल्यावर मला आमच्या ऑफिसातली 'पाच वर्षं पूर्ण' वाली काचेची ट्रॉफी आठवली, आणि हसू मात्र आलं नाही.

सगळ्यात भयंकर काय, तर हे गुपित नव्हतं. १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत यावर लेख छापून येत होते. डॉक्टर वाचत होते. चाळीस वर्षांत कितीतरी माणसं या कामाला लागली असतील. नोंदी ठेवणारे, रक्ताच्या बाटल्या पाठवणारे, याद्या टाइप करणारे. राक्षस नव्हते ते. रोज सकाळी डबा घेऊन कामाला जाणारे लोक. आपलं काम नीट करणारे. तिकीट आलं, बंद केलं.

*

मग एकाने विचारलं.

पीटर बक्स्टन. प्रागमध्ये जन्मलेला, लहानपणीच आई-वडिलांबरोबर अमेरिकेत आलेला. १९६५ च्या शेवटी तो सॅन फ्रान्सिस्कोत याच आरोग्य सेवेत लागला. काम काय, तर गुप्तरोगाच्या पेशंटना भेटून त्यांचा संसर्ग कुठून आला ते विचारायचं. वय २८. म्हणजे साधारण माझंच. कॉफीच्या वेळेला सहकारी गप्पा मारत होते, त्यांत त्याच्या कानावर हा अभ्यास आला. त्याने कागद मागवले, वाचले, आणि १९६६ साली वरिष्ठांना लेखी हरकत कळवली. त्याला अटलांटाला बोलावून झापण्यात आलं. १९६८ साली त्याने पुन्हा लिहिलं. १९६९ साली तज्ज्ञांची बैठक बसली आणि ठरलं, अभ्यास चालू ठेवायचा. तोवर बक्स्टन नोकरी सोडून कायदा शिकायला गेला होता. शेवटी १९७२ साली त्याने कागदपत्रं ओळखीच्या एका पत्रकार बाईंना दिली, त्यांनी ती असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांच्याकडे पोचवली, आणि २५ जुलै १९७२ ला बातमी फुटली. काही महिन्यांत अभ्यास बंद झाला. तेव्हा सिफिलिस झालेल्यांपैकी ७४ जण जिवंत होते.

पुढे अमेरिकेत १९७४ साली कायदा झाला, १९७९ साली बेल्मॉंट अहवाल आला, आणि १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. तेव्हा आठ जण हयात होते. ४० वर्षांचा अभ्यास आणि नंतर २५ वर्षं माफीची वाट. बक्स्टन २०२४ साली गेला.

मला त्याच्या धैर्याइतकंच त्याच्या जागेचं आश्चर्य वाटतं. तो डॉक्टर नव्हता, संशोधक नव्हता, तो प्रकल्पही त्याचा नव्हता. "हे माझं डिपार्टमेंट नाही" म्हणायला त्याला शंभर टक्के मुभा होती. आणि सगळी मोठी डोकी जे बघत होती तेच त्याने बघितलं, फक्त साध्या माणसासारखं.

*

"ठीक आहे, पण ते अमेरिकेत," असं कोणी म्हणायच्या आत आपल्याकडचंही सांगतो.

२००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीचा एक प्रकल्प सुरू झाला. तेव्हाच्या आंध्रातला (आता तेलंगणातला) खम्मम जिल्हा आणि गुजरातमधला वडोदरा जिल्हा. १० ते १४ वर्षांच्या वीसेक हजार मुली. पाथ ही परदेशी संस्था आणि आपली आयसीएमआर, दोघी मिळून. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत असा निष्कर्ष निघाला की त्या मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता अगदी कमी. हे ठळक सांगायला हवं, कारण लस चांगली आहे, जगभर दिली जाते, आणि उगाच भीती पसरवायची माझी इच्छा नाही. पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट निघाली. खम्मममध्ये आश्रमशाळेत राहणाऱ्या कितीतरी आदिवासी मुलींची संमतीपत्रं त्यांच्या पालकांनी नाही, तर वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सही केलेली होती. २०१३ साली संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

लस निर्दोष आणि तरीही गुन्हा घडलेला. मला हे पटायला वेळ लागला. आपण इंजिनिअर लोक आउटपुट बघतो. कोणाला इजा झाली नाही ना? मग झालं तर! पण संमती ही इजा टाळायचं साधन एवढीच नसते. हे शरीर कोणाचं आहे, याची ती कबुली असते. कबुली वॉर्डन देऊ शकत नाही. आणि ती परत घ्यायची असेल तर ड्रॉपडाऊनची परवानगी लागता कामा नये.

तेव्हापासून आपल्याकडे बरंच बदललंय. २०१९ सालचे नवे नियम आले. घरात कोणी ट्रायलमध्ये जात असेल तर एवढं बघा, मी आत्याच्या वेळी बघितलं नव्हतं म्हणून सांगतोय. एक, ट्रायलची सीटीआरआय मध्ये नोंदणी आहे का. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कोणालाही ऑनलाइन बघता येते. दोन, संमतीपत्राची प्रत घरी आणा. तीन, त्यावर नीतिमत्ता समितीचा फोन असतो. ही समिती डॉक्टरांच्या बाजूची नसते, तुमच्या बाजूची असायला हवी, आणि तिच्यात एक तरी सामान्य माणूस असावा लागतो. चार, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे लिहिलेलं असतं, ते शोधा. पाच, डॉक्टरांना सरळ विचारा, "मी नाही म्हटलं तर माझे उपचार तसेच चालू राहतील ना?" उत्तर ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंत तरी चालेल. :-)

आणि हो, ट्रायलमध्ये जरूर जा. माझ्या कपाटातली क्रोसिनसुद्धा कधीतरी कोणीतरी आधी घेऊन बघितली म्हणून आज मी डोळे मिटून घेतो. २०२४ साली हेलसिंकी जाहीरनामा सुधारला, त्यात 'सब्जेक्ट' हा शब्द काढून 'पार्टिसिपंट' केला. सहभागी. आमच्या डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव अजून 'सब्जेक्ट आयडी'च आहे. ते बदलायला बहुतेक माझी निवृत्ती यावी लागेल.

*

सोमवारी ऑफिसला जाऊन मी माझंच जुनं तिकीट पुन्हा उघडलं. टीम लीड म्हणाला, "अरे क्लायंटने मागितलंय, सहा सह्या झाल्यात." मी म्हटलं, "त्यातली एक माझी आहे, तीच परत घेतोय." त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी कारण दिलेलं नाही.

मग क्लायंटच्या डेटा मॅनेजर बाईंबरोबर कॉल झाला. मला वाटलं होतं भांडण होईल. मी आत्याच्या टिंबाची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमच्याकडे पण टिंबं येतात. खूप." शेवटी असं ठरलं की यादीत पहिलाच पर्याय 'सहभागीने कारण सांगितलं नाही' हा येईल, आणि तो पूर्ण उत्तर मानला जाईल. पुढचा चौकोन उघडणार नाही. चक्कर वगैरे दुष्परिणाम दिसतात का, हा प्रश्न वेगळा, आणि तो डॉक्टरने तपासून भरायचा. पेशंटला त्यासाठी वेठीला धरायचं नाही. पुढच्या रिलीजमध्ये जाईल, असं म्हणतायत.

मी काही बक्स्टन नाही. त्याला नोकरीच्या काळजीने झोप लागली नसेल, मला फार तर एक जास्तीचा कॉल करावा लागला. पण चूक माझी होती, आणि ती दुरुस्त करायला मला लाल चांदणी माझ्याच आत्यासमोर बघावी लागली, याची लाज वाटते. ज्यांची आत्या नव्हती अशा किती जणांनी तिथे काय काय खोटं लिहिलं असेल?

असो.

त्या शनिवारी परत येताना आत्या गाडीत निवांत होती. कर्वे रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, "आत्या, खरं सांग, का सोडलंस?" गोळ्यांनी त्रास होत होता का? की रोज रात्री ती डायरी लिहायचा कंटाळा आला? की कोणीतरी काहीतरी सांगितलं? आम्हा लोकांना रिकामा रकाना बघवत नाही.

आत्या म्हणाली, "अमृततुल्य दिसलं तर थांब रे. चहा घेऊ."

थांबलो. चहा घेतला. अजून विचारलेलं नाही.